पीबीएलला सिम्युलेटेड पेशंट आणायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजमध्ये पॅथॉलॉजीच्या असिस्टंट प्रोफेसर आहेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी त्यांनी पीबीएल सुरू केलंय, म्हणजे एखाद्या रुग्णाची समस्या पुढ्यात ठेवून छोट्या गटात शिकायचं. छापलेली केस वाटली की मुलं दहा मिनिटांत डायग्नोसिस सांगतात आणि मोबाईल काढतात. म्हणून रुग्णाची भूमिका करणारी माणसं, सिम्युलेटेड पेशंट, आणावीत असं त्यांना वाटतं. विभागातले वरिष्ठ म्हणतात, सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या, ओपीडीत सकाळी पाय ठेवायला जागा नसते, खरे पेशंट असताना ही नाटकं कशाला? मॅडमचा प्रश्न: फायदा खरंच होतो का, माणसं कुठली घ्यायची आणि सुरुवात कशी करायची?

मॅडम, तुमच्या वरिष्ठांचं अर्धं बरोबर आहे. खऱ्या पेशंटला पर्याय नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर त्याला वॉर्डात पाठवा. (शिवाय आपल्याकडे ‘नकली पेशंट’ म्हटलं की लोकांना कॉलेजच्या इन्स्पेक्शनला खाटा भरायला आणलेली माणसं आठवतात, त्यामुळे नाक मुरडलं जाणारच. मुलांना आधीच स्पष्ट सांगा की समोरची व्यक्ती भूमिका करणार आहे. लपवाछपवी नको.) पण तुमची अडचण पेशंट खरा की खोटा ही नाहीच. तुमची केस मुलांच्या हातात पडते तोवर त्यातलं विचाराचं काम दुसऱ्याच कुणीतरी उरकलेलं असतं, ही खरी अडचण.

‘४४ वर्षांची स्त्री, तीन महिन्यांपासून थकवा, श्रमाने धाप, पाळीत अतिरक्तस्राव, डोळ्यांत फिकटपणा.’ कुणीतरी त्या बाईशी बोललं, तिच्या शंभर वाक्यांतून चार वेचली, बाकीची टाकून दिली आणि उरलेली ओळीत मांडली. आता मुलांनी करायचं काय? आजाराला नाव द्यायचं: ॲनिमिया. ते ती देतात. दहा मिनिटं लागली हेच जास्त म्हणायचं.

हीच केस मी माणसाच्या तोंडून कशी देतो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. भूमिकेचं नाव आक्का, करवीर तालुक्यातल्या एका गावची, घरी दोन म्हशी आणि उसाचं थोडं रान. आत येते, बसते, आणि काय होतंय विचारल्यावर एवढंच बोलते: ‘अंगात जीवच न्हाई बघा. जरा चाललं की धाप लागतीया.’ आणि गप्प. पुढचं सगळं विचारल्याशिवाय मिळत नाही.

मुलं बहुतेक वेळा हृदयाकडे धावतात. छातीत दुखतं का, पाय सुजतात का, रात्री उशा जास्त लागतात का. आक्का नाही नाही म्हणत राहते. मग कुणाला तरी आठवतं आणि तो विचारतो, ‘पाळीचा काही त्रास?’ आक्का म्हणते, ‘त्यात कसला आलाय त्रास. बाईच्या जातीला असतंयच की.’ तो वहीत लिहितो, पाळी नॉर्मल, आणि थायरॉइडकडे वळतो. हे मी कितीतरी गटांत बघितलंय. आक्का खोटं बोललेली नसते. आठ-नऊ दिवस जाणं तिच्या लेखी त्रासात मोडतच नाही.

एखाद्या गटात मात्र एखादी मुलगी खुर्ची जरा पुढे ओढते, उठून दार लोटून घेते आणि विचारते, ‘मावशी, किती दिवस जातं? रात्री उठून कपडा बदलावा लागतो का?’ तेव्हा उत्तर येतं: ‘आठ-नऊ दीस. पयलं तीन दीस रात्री दोन-दोन डाव उठतो मी.’ (आमच्याकडच्या बायका ‘मी उठतो’ म्हणतात, तिथे विदर्भ-मराठवाड्यातून आलेली पोरं हमखास दचकतात. ऑल इंडिया कोट्यातल्या केरळ-राजस्थानच्या मुलांचं तर सगळंच डोक्यावरून जातं. वॉर्डात जायच्या आधी ते कानावर पडलेलं बरं.)

दार लोटल्यावरच बोलायचं, ही आक्काला दिलेली सूचना आहे. तिचा मुलगा बाहेर बाकावर बसलाय असं तिच्या कागदावर लिहिलेलं असतं. माझ्या मते सिम्युलेटेड पेशंटची सगळी किंमत इथेच आहे. माहिती असते, पण विचारणाऱ्याच्या तऱ्हेवर ती मिळते किंवा मिळत नाही. छापील कागद कुणालाही सारखंच सांगतो. आक्का तसं करत नाही.

त्यामुळे भूमिका लिहिताना नाटकासारखे संवाद लिहू नका. मी कागदावर हे लिहितो: तोंडून आपोआप निघेल ते पहिलं वाक्य, साधं विचारलं तर सांगायचं ते, नीट, खुलून विचारलं तरच सांगायचं ते, काही झालं तरी सांगायचं नाही ते, आणि शेवटी तिच्या मनातली भीती. आक्काची भीती अशी की पिशवी काढायला सांगतील आणि सुगीच्या तोंडावर घरी पडून राहावं लागेल. ही ओळ कुठल्याच मुलाने विचारली नाही तरी चालते, पण ती लिहिलेली असली की भूमिका करणारी बाई आपोआप नीट बसते, नीट टाळते. डॉक्टरी शब्द एकही नको. ‘श्रमाने धाप’ असं लिहिलंत तर ती तेच बोलेल. ‘पाण्याची घागर घेऊन पायऱ्या चढली की मधे थांबावं लागतं’ असं लिहा.

आता हे पीबीएलमध्ये बसवायचं कसं. मुलाखत अर्धवट थांबवता येणं हा यातला मोठा फायदा. ट्युटर ‘थांबा’ म्हणाला की आक्का गप्प बसते, तिला काही ऐकू येत नाही असं धरायचं. मुलं तिच्यासमोरच वाद घालतात: आपल्याला काय वाटतंय, का वाटतंय, पुढे काय विचारलं तर कुठली शंका गळेल. मग ‘चालू’ म्हटलं की तिथून पुढे, किंवा दुसऱ्या मुलाने तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारायचा. सीपीआरच्या ओपीडीतल्या बाईला असं मधेच थांबवून तिच्या तोंडावर ‘कॅन्सर असेल का’ यावर चर्चा करता येईल का? ती पहाटेच्या एसटीने आलेली असते, तिला परतायचं असतं आणि ती खरोखरच आजारी असते. वरिष्ठांना द्यायचं उत्तर हेच.

ही कल्पना उपरी नाही, हेही त्यांना सांगा. हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, एका स्त्रीला न्यूरॉलॉजीच्या पेशंटची भूमिका शिकवून मुलांसमोर बसवलं. पीबीएल सुरू झालं १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात, आणि बॅरोज पुढे तिथेच गेले. पीबीएलवरचं त्यांचं काम आजही वाचलं जातं. म्हणजे तुम्ही ज्या दोन गोष्टी जोडू पाहताय त्या मुळातच एका घरात वाढलेल्या आहेत. मधल्या काळात १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ओस्कीची परीक्षा (टेबलामागून टेबल, प्रत्येकावर ठरावीक वेळेत एकेक कौशल्य दाखवायचं) मांडली आणि सिम्युलेटेड पेशंट म्हणजे परीक्षेचं साधन असं समीकरण झालं. परीक्षेत प्रत्येक मुलाला शब्दशः तेच मिळावं लागतं, म्हणून तिथे भूमिका घट्ट बांधावी लागते. तुम्हाला तेवढी घट्ट नकोय. मुलांनी भलताच प्रश्न विचारला तर आक्काने तिच्या आयुष्याला शोभेल असं काहीही उत्तर द्यावं, फक्त आजाराची हकीकत बदलू नये.

पहिल्या बैठकीच्या शेवटी गटाने आपले प्रश्न फळ्यावर लिहायचे. आक्काच्या केसमधून जे प्रश्न निघतात ते तुमच्या विषयाचेच आहेत. हिमोग्लोबिन सातच्या खाली असताना ही बाई चालत कशी आली? शरीराने हळूहळू काय जुळवून घेतलं? पाळीत ८० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त मानतात, पण मग लोहाचा हिशेब काय? रक्त चांगलं असताना एका मिलीत साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे महिन्याला ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं, आणि आतडी दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच उचलतात. हा हिशेब मुलं स्वतः मांडतात तेव्हा पुस्तकातलं लोहाचं प्रकरण त्यांना निराळं दिसतं. जेवणाबरोबर चहा घेते का, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का, हे विचारायचं राहून गेलं हेही वाचताना त्यांच्याच लक्षात येतं आणि ती दुसऱ्या बैठकीची वाट बघतात. तीन-चार दिवसांनी तीच आक्का परत येते. ज्या तपासण्या सांगितल्या असतील तेवढेच रिपोर्ट पिशवीतून काढते. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी, सांगितला नसेल तर स्मिअर नाही. आणि कुणी भारंभार तपासण्या लिहिल्या तर ती विचारते, ‘ह्या समद्याला किती पडतील?’ त्यावर वर्गात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

तपासणीचं मात्र भान ठेवा. पोटात दुखणं, पोट घट्ट धरणं, लंगडणं, एका हाताची कमजोरी, मान आखडणं हे शिकवता येतं, आणि चांगली माणसं इतकं चोख करतात की रेसिडेंटही फसतात. धाप थोडी दाखवता येते, पण जास्त वेळ मुद्दाम जोरजोरात श्वास घेतला तर बिचारीला खरीच चक्कर येईल. मर्मर (हृदयाचा जादा आवाज), क्रेपिटेशन (फुफ्फुसातली करकर), वाढलेली प्लीहा, कावीळ, आक्काच्या बाबतीत डोळ्यांचा आणि नखांचा फिकटपणा, हे अभिनयाने येत नाही. तिथे मी कार्ड ठेवतो. मुलाने पापणी नीट खाली ओढून बघितली की ट्युटर फोटोचं कार्ड हातात देतो. ‘पॅलर बघितला’ असं नुसतं तोंडाने म्हणाला तर कार्ड नाही. स्तनांच्या किंवा खालच्या अंगाच्या तपासण्या भूमिका करणाऱ्यांवर करायच्या नाहीत, सुई टोचायची नाही, आणि कुठे हात लागेल हे आधी बोलून त्यांची लेखी संमती घ्यायची.

आता माणसं. कोल्हापुरात नट मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला उतरणारे संघ आहेत, पेठांतल्या मंडळांचे सजीव देखावे आहेत. पण खरं सांगू का, हौशी नटांना आवर घालावा लागतो. त्यांना रडायचं असतं. तिसऱ्या प्रश्नालाच त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मुलं हिस्टरी, म्हणजे आजाराची हकीकत, सोडून सांत्वनाला लागतात. भूमिकेतली माहिती रोखून धरणं, मुलाने वाईट विचारलं तर कोरडं उत्तर देऊन गप्प बसणं, हे त्यांना जड जातं. टाळी नाही ना त्यात! मला निवृत्त शिक्षिका, एसटीतले निवृत्त कंडक्टर, भिशी मंडळातल्या बायका जास्त उपयोगी पडल्या. यांनी आयुष्यभर माणसांशी बोलून घेतलेलं असतं आणि स्वतःकडे बघायची खोड नसते.

कुणाला टाळायचं हेही सांगतो. आपल्याच हॉस्पिटलच्या सिस्टर किंवा वॉर्डबॉय मामा नकोत, मुलं त्यांना ओळखतात आणि हसतात. वरच्या वर्गाची मुलं तर मुळीच नकोत, ती पुस्तकातला पेशंट होऊन बसतात आणि विचारायच्या आधीच क्रमाने सगळी लक्षणं सांगून टाकतात. ॲनिमियाच्या केसला अंगणवाडी ताई घेतल्या तर त्या मुलांनाच हिरव्या भाज्यांबद्दल समजावून सांगतील. वय आणि शरीर भूमिकेला जुळायला हवं. ‘कधी ऑपरेशन झालं नाही’ म्हणणाऱ्याच्या पोटावर अपेंडिक्सचा व्रण निघाला की अर्धा तास त्यातच जातो. म्हणून निवडताना जुनी ऑपरेशनं, बीपी, साखर सगळं विचारून घ्या. सरावात कुणाचं बीपी खरोखरच जास्त निघालं तर कुणी, कुठे बघायचं हे आधी ठरलेलं असू द्या. मुलं दहा वेळा बीपी मोजणार, कधी ना कधी ते निघतंच.

दुःखाच्या भूमिका देताना आधी विचारा: अलीकडे घरात असं काही घडलंय का? नवरा गेलेल्या बाईला नवरा गेल्याची बातमी ऐकायची भूमिका देऊ नये, मग ती कितीही हो म्हणो. सत्र संपलं की तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा, चहा द्या, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलू द्या. त्याशिवाय घरी पाठवू नका.

शेवटची पाच मिनिटं भूमिकेतून बाहेर येऊन ती मुलांना काय वाटलं ते सांगते. हे तिला शिकवावं लागतं. ‘तू डायग्नोसिस चुकलास’ हे तिने बोलायचं नाही, ते तिचं कामच नाही. ‘मी बोलत होते तेव्हा तुम्ही वहीत बघत होता, मला वाटलं यांना वही भरायची घाई आहे’ एवढंच. मी दहा लेक्चरांत जे सांगू शकत नाही ते एका वाक्यात होतं.

खर्च आणि मनुष्यबळाचं सगळं तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहे. दीडशेची बॅच, दहा-दहाचे गट, म्हणजे पंधरा गट. पंधरा आक्का आणि पंधरा ट्युटर एका वेळी कुठून आणणार? पाच आक्का तयार करा आणि दिवसभरात तीन पाळ्या लावा. एका माणसाकडून एका दिवसात तोच रोल याहून जास्त वेळा करून घेऊ नका, शेवटच्या गटाला दमलेली आक्का मिळते, आणि केस थकव्याची असली तरी तो थकवा निराळा असतो. पाचही जणींना एकत्र बसवून शिकवा, म्हणजे हकीकत एकच राहते. माझ्या अनुभवात दोन-दोन तासांच्या दोन बैठका पुरतात. पहिलीत वाचन आणि शंका, दुसरीत एखाद्या रेसिडेंटला मुद्दाम वाईट हिस्टरी घ्यायला लावायची आणि आक्का त्याला मदत करते का ते बघायचं. करतातच सुरुवातीला. पोरगं अडलेलं बघून कुठल्याही आईचा जीव खालीवर होतो.

सगळं वर्ष असं चालवायच्या फंदात पडू नका. वर्षाला चार-पाच केसेस पुरे, बाकीच्या कागदावर राहू द्यात. जिथे माणूस बोलण्यात अडखळतो, लपवतो किंवा त्याला महत्त्वाचं वाटत नाही म्हणून सांगत नाही, अशाच केसेसना जिवंत पेशंट आणा. दारू, तंबाखू आणि मिशेरी, अर्धवट सोडलेल्या टीबीच्या गोळ्या, पाळी, बाहेरून आणलेली ‘आयुर्वेदिक’ पुडी. मर्मर ओळखायला किंवा एन्झाइमची साखळी समजायला नट लागत नाही. लहान मुलाची केस असेल तर मूल आणू नका, आई पुरते; मूल घरी झोपलंय म्हणायचं. आणि वेळापत्रकात जागा कुठे, असं कुणी विचारलं तर २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात ॲटकॉमचे (वागणूक, नीती आणि संवाद शिकवण्याचे) तास आहेत, त्यात बोलण्याचं कौशल्य शिकवणं अपेक्षितच आहे. एखादी केस तिथे सहज बसते.

एक धोका तुमच्या बाजूचा. आक्का समोर असताना ट्युटरचा हात शिवशिवतो. पॅथॉलॉजीच्या माणसाला मायक्रोसायटिक (लहान आकाराच्या लाल पेशींचा) शब्द ऐकला की उठून फळ्यावर पेशी काढावीशी वाटते. तसं झालं की पेशंट बाजूला राहतो आणि तास सुरू होतो. पहिल्या खेपेला ट्युटर म्हणून दुसऱ्या विषयाचं कुणी घ्या, शरीरशास्त्राचे किंवा कम्युनिटी मेडिसिनचे. त्यांना उत्तर येत नाही असं नाही, पण सांगायची उबळ कमी असते.

आणि हे झाल्यावर मुलांना त्याच आठवड्यात खऱ्या वॉर्डात न्या. स्त्रीरोगाच्या किंवा मेडिसिनच्या ओपीडीत ॲनिमियाची बाई शोधावी लागत नाही. खरी पापणी, खरी नखं, खरा नकार तिथे बघू द्या. वरिष्ठांचं अर्धं बरोबर आहे म्हटलं ते या अर्थाने. त्यांना विरोधात बसवण्यापेक्षा शिक्षकांसाठी जी रंगीत तालीम घ्याल तिच्यात हिस्टरी घ्यायला त्यांनाच बसवा.

मानधन मात्र द्याच, जाण्या-येण्याचा खर्च आणि जेवणही. समाजकार्य म्हणून फुकट बोलावलेली माणसं दुसऱ्या बैठकीला येत नाहीत, आणि पीबीएलमध्ये दुसरी बैठक नसेल तर पहिलीला अर्थ नाही. डीनची लेखी परवानगी आणि व्हाउचरची सोय आधी करून घ्या, अकाउंट्सला ‘पेशंटला पैसे’ असं गेलं तर ते परत येईल. ‘प्रशिक्षण साहाय्यक, मानधन’ असं टाका. तारीख धरताना नाटकवाल्यांचा नोव्हेंबर-डिसेंबर आणि मंडळवाल्यांचे गणपतीआधीचे आठवडे सोडा. शिक्षिका आणि भिशीवाल्यांना जानेवारी-फेब्रुवारी बरा पडतो, लग्नसराई जोरात यायच्या आत.